सगळा ओटा नको, अर्धाच उचला: नाशिकच्या एका स्वयंपाकघराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका सोसायटीतला हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. कुटुंबाने तो जुना विकत घेतला, तेव्हा स्वयंपाकघर आधीच्या मालकाने सुताराकडून जागेवरच बनवून घेतलेलं होतं. काटकोनी ओटा. लांब बाजू कोपऱ्यासकट ९ फूट, खिडकीखालची आखूड बाजू ५ फूट, रुंदी २ फूट. लांब बाजूला गॅस, आखूड बाजूला सिंक. खाली प्लायचे बॉक्स, त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या, वर काळा ग्रॅनाइट.

घरात स्वयंपाक करणारी माणसं तीन. त्यांना इथे आई, वहिनी आणि दादा असंच म्हणतो. आईंची उंची ५ फूट. रोजच्या पोळ्या आणि सकाळची भाजी त्यांच्याकडे. वहिनी ५ फूट ८ इंच, शाळेत शिक्षिका. चिरणं, निवडणं आणि संध्याकाळचा सगळा स्वयंपाक त्यांचा. दादा ५ फूट ११ इंच. भांडी ते घासतात आणि रविवारचा स्वयंपाकही करतात.

ओट्याची उंची जमिनीपासून ३२ इंच होती. ४ इंचांचा प्लायचा पाया, त्यावर सव्वासत्तावीस इंचांचे बॉक्स आणि पाऊण इंच ग्रॅनाइट. आपल्याकडे सुतार न विचारता ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान ओटा बांधतात. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला ती उंची बरोबर बसते. अमेरिकेत तयार कॅबिनेटांवरच्या ओट्याची रूढ उंची ३६ इंच आहे. म्हणजे तिथेही एक आकडा ठरलेलाच, फक्त तो दुसऱ्या शरीरांसाठी ठरलेला.

अडचण

मला बोलावणं आलं ते कुजलेल्या प्लायमुळे. सिंकखालचा बॉक्स खालून फुगला होता, सनमायका सुटला होता आणि ट्रॉली ओढताना अडत होती. शटर उघडलं की कुबट वास यायचा. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. बॉटल ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागाच्या, वॉशरमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. पण खरं नुकसान खालून झालं होतं. या घरात स्वयंपाकघराची फरशी रोज पाणी टाकून धुतात आणि पाणी सिंकच्या बाजूच्या जाळीकडे काढतात. ओट्याचा ४ इंची पाया प्लायचाच, थेट फरशीवर टेकलेला. प्लायची पृष्ठं सनमायक्याने झाकली तरी खालची कापलेली धार उघडी राहते आणि पाणी तिथूनच चढतं. या पायाला पाणी रोज मिळत होतं.

दुसरी तक्रार वहिनींनी बोलता बोलता सांगितली, “आता उघडताच आहात तर सगळा ओटा पाच इंच वर घ्या. माझी कंबर दुखते.”

दादांचा याला पाठिंबा होता. आई काही बोलल्या नाहीत. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्या न बोलण्यामुळेच. घरात ओट्याची उंची बदलते तेव्हा ज्याला आत्ता त्रास नाही तो गप्प बसतो आणि काम झाल्यावर त्याचा त्रास सुरू होतो.

मापं: माणसाचं आणि कामाचं

पहिलं काम म्हणजे तिघांच्या कोपराची उंची मोजणं. घरात वावरताना घालतात त्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपराच्या टोकापर्यंत टेप धरायचा. आईंचं माप साडेसदतीस इंच आलं, वहिनींचं साडेबेचाळीस, दादांचं साडेचव्वेचाळीस.

चिरण्या-निवडण्यासाठी ओटा कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावा असा ढोबळ नियम आहे. वहिनींसाठी म्हणजे साडेछत्तीस ते साडेअडतीस. आईंसाठी साडेएकतीस ते साडेतेहेतीस. या दोन पट्ट्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. एका उंचीचा ओटा दोघींना पुरेल, असा आकडा या घरात नव्हताच.

मग कामं वेगवेगळी करून पाहिली.

*चिरणं.* ३२ इंचांवर दीड इंच जाडीची फळी ठेवली तरी वहिनींचे हात कोपरापासून ९ इंच खाली जात होते. पाठ वाकते ती इथे.

*सिंक.* सिंकमध्ये काम काठावर होत नाही, तळाशी होतं. भांडं ८ इंच खोल. म्हणजे दादा भांडी घासत होते ती जमिनीपासून २४ इंचांवर. सहा फुटी माणसाने गुडघ्यांच्या जरासं वर हात घालून अर्धा तास उभं राहायचं. म्हणूनच सिंकचा काठ बाकी ओट्यापेक्षा वर चालतो, कोपरापासून दोन-तीन इंच खाली असला तरी हात आत उतरतात.

*गॅस.* काचेच्या शेगडीची जाळी ओट्यापासून साधारण ५ इंच वर येते. म्हणजे तवा जमिनीपासून ३७ इंचांवर. त्यावर कढई किंवा कुकर ठेवला की काठ ४० ते ४२ इंचांवर जातो. वहिनींच्या कोपराची उंची साडेबेचाळीस. म्हणजे गॅस त्यांना आत्ताच बरोबर होता! तो ५ इंच वर नेला असता तर कुकरचं झाकण त्यांच्या छातीपर्यंत आलं असतं, आणि आईंना तर कढईत डोकावायलाही टाचा उंचवाव्या लागल्या असत्या.

*कणीक आणि पोळ्या.* मळताना अंगाचा भार खाली द्यावा लागतो, म्हणून मळायची जागा बसकी हवी. पोळपाट स्वतःच दोन इंच उंच असतो. ३२ इंचांच्या ओट्यावर आई पोळपाटावर लाटतात तेव्हा हात कोपरापेक्षा साडेतीन इंच खाली असतात. त्यांच्या पोळ्यांचा वेग पाहिला की या उंचीत बदल करायचं धाडस होत नाही.

वहिनींना हे आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा त्यांनीच विचारलं, “म्हणजे गॅसजवळ माझी कंबर दुखतच नाही?” मग आठवून म्हणाल्या, “खरं आहे. दुखायला लागते ती भाजी चिरून झाल्यावर.” संपूर्ण ओटा वर घेण्याची मागणी इथेच गळून पडली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीही न तोडण्याचा. चिरण्यासाठी ४ इंच उंचीची पायांची चौकी आणि सिंकच्या तळाशी उंच स्टीलची जाळी. खर्च नगण्य. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मी हेच सांगतो. या घरातही प्लाय शाबूत असता तर आधी हेच करून पाहायला सांगितलं असतं. पण सिंकचा बॉक्स बदलणं भाग होतं आणि तो बदलताना ग्रॅनाइट निघणारच होतं.

दुसरा, सगळा ओटा वर आणि आईंसाठी खाली लाकडी पाट. हा सुचवला दादांनी. मी सरळ नको म्हटलं. रोज धुतली जाणारी फरशी, त्यावर पाट, पाटावर सत्तरीकडे झुकलेलं माणूस आणि समोर तापलेलं तेल. यात तोल गेला तर तो भरून काढता येत नाही.

तिसरा, सगळा ओटा ४ इंच वर आणि गॅस ग्रॅनाइटमध्ये बसवलेला, म्हणजे हॉब. हा पर्याय खरोखर विचार करण्यासारखा होता. हॉबची जाळी ओट्यापासून दोनेक इंचच वर असते, त्यामुळे ओटा ४ इंच उचलला तरी तवा फक्त इंचभरच वर जातो. पण आईंचा पोळपाट मात्र पूर्ण ४ इंच वर गेला असता. शिवाय हॉबसाठी ग्रॅनाइटला भोक पाडावं लागतं, त्याच्या खालची सगळ्यात वरची ट्रॉली जाते, चिमणीचं अंतर पुन्हा पाहावं लागतं. चिमणी शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंचांवर ठेवतात, त्यात इथे आधीच फार मोकळीक नव्हती.

चौथा, ओटा दोन उंचींचा. गॅसची ५ फूट बाजू ३२ इंचांवरच ठेवायची. कोपऱ्यासकट ४ फूट चिरायची जागा आणि सिंकची ५ फूट बाजू वर घ्यायची. मधे एक पायरी. आईंना हा पटला, वहिनींना दिसायला विचित्र वाटला. “लोक विचारतील हे असं का,” त्या म्हणाल्या. पण स्वयंपाकघर पाहुण्यांना दिवसातून पाच मिनिटं दिसतं, वापरणाऱ्यांना तासन्‌तास सोसावं लागतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

निर्णय पहिला: ३६ की ३७?

कागदावर वहिनींचा आकडा ३७ येत होता. तो लगेच मान्य केला नाही. जुन्या ओट्यावर विटा रचून त्यांवर १८ मिलिमीटरची प्लायची फळी ठेवली, चिरायची जागा खरोखरच्या उंचीवर आणली आणि घरच्यांना तिथेच रोजचं काम करायला सांगितलं. सिंकमध्ये पालथं पातेलं घालून त्यावर टब ठेवला. आधी ३८, मग ३७, मग ३६.

३८ इंचांवर वहिनींचे खांदे वर उचलले जात होते. कांदा चिरताना ते चटकन दिसतं, सुरीवर जोर द्यायला हात वरून खाली यावा लागतो. ३७ त्यांना एकदम पसंत पडलं. मात्र आईंचं पाहिलं तर वेगळंच. त्या चिरायला तिथे जाणार नव्हत्या, पण तांदूळ धुणं, भाजी धुणं, कुकरात पाणी घेणं यासाठी सिंकशी दिवसातून अनेकदा जातात. त्यांचं कोपर साडेसदतीसवर. ३७ इंचांच्या काठावर त्यांचा हात आडवा टेकत होता आणि पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. ३६ वर हात काठावरून आत उतरत होता.

ठरलं ३६. वहिनींनी चिरण्यासाठी दीड इंचाची जाड फळी वापरायची, म्हणजे त्यांचे हात कोपरापासून पाचेक इंचच खाली. दादांना अजून उंच चालला असता, पण सिंकचा तळ २४ वरून २८ इंचांवर येणार होता आणि तेवढ्याने त्यांचं काम भागणार होतं.

या सरावात नळाची गोष्ट उघडकीला आली. भिंतीतला नळ जमिनीपासून ४० इंचांवर, खिडकीच्या कट्ट्याखाली. जुन्या काठापासून ८ इंच वर. नवा काठ ३६ वर आला की उरतात फक्त ४ इंच. त्याखाली ना कुकर जाईल, ना हंडा. आणि नळ वर सरकवायला जागा नव्हती, वर खिडकी. म्हणून ग्रॅनाइटवर उभा राहणारा नळ घ्यायचा आणि भिंतीतली जोडणी खाली २४ इंचांवर आणायची, असं ठरलं. डॅडोच्या, म्हणजे भिंतीवरच्या, तीन टाइल फोडाव्या लागणार होत्या. पण त्यांतली बरीचशी जागा नव्या बॉक्सच्या मागेच लपणार होती.

निर्णय दुसरा: कशावर उभं करायचं?

३६ मधून बॉक्सचे सव्वासत्तावीस आणि ग्रॅनाइटचा पाऊण इंच वजा केला की खाली ८ इंच उरतात. बाजारात मिळणारे पीव्हीसीचे पाय बहुतेक १०० आणि १५० मिलिमीटरचे, म्हणजे ४ आणि ६ इंचांचे. स्क्रूने थोडे वरखाली होतात, पण ६ चे ८ होत नाहीत.

सुताराचं म्हणणं होतं, ६ इंची पाय घ्या आणि खाली दोन इंच प्लायचे ठोकळे द्या. म्हणजे पुन्हा प्लाय पाण्यात! गवंडी म्हणाला, दोन इंचांचा चौथरा बांधतो, वर टाइल लावतो, त्यावर ६ इंची पाय. हा पर्याय वाईट नव्हता. चौथरा असला की फरशीचं पाणी पायांपर्यंतही येत नाही. पण गुळगुळीत टाइलवर सिमेंट धरत नाही, जुनी टाइल टोचून खडबडीत करून घ्यावी लागते, आणि पुढे कधी ओटा हलवायचा म्हटला तर चौथरा फोडावा लागतो. बॉक्स आणि ग्रॅनाइटच्या मधे दोन इंचांची चौकट घालायचाही विचार झाला. त्यात खालचा भाग ६ इंच राहतो आणि वर सुऱ्या-चमच्यांसाठी उथळ कप्पा निघतो. सिंकच्या जागी मात्र त्या चौकटीचा उपयोग शून्य.

शेवटी फ्रेम केली. ३०४ प्रतीच्या स्टीलची दीड इंची चौकोनी नळी, फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून, प्रत्येक पायाला इंचभर वरखाली होणारा बोल्ट. खर्च पायांपेक्षा बराच जास्त. पण ८ इंच मोकळे राहिले की पोछा आणि झाडू भिंतीपर्यंत जातो, पाणी कुठे साठलंय ते दिसतं आणि गळती लपत नाही. फ्रेमचे पुढचे पाय ग्रॅनाइटच्या कडेपासून ३ इंच आत घेतले, म्हणजे उभं राहणाऱ्याची बोटं आत जातात. पायाला जागा नसली की माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि पुन्हा वाकतो. मग उंची कितीही बरोबर असो, तिचा उपयोग होत नाही.

फ्रेमची ऑर्डर देण्याआधी फरशीचा उतार मोजला. सिंकच्या ५ फुटांत पाऊण इंच उतार होता. ३६ इंच कुठून मोजायचे, भिंतीपासून की जाळीजवळून? माणूस जिथे उभा राहतो तिथून, सिंकच्या समोरच्या फरशीपासून. ती रेघ पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन भिंतीवर आखली आणि पुढचं प्रत्येक माप त्या रेघेवरून घेतलं.

प्रत्यक्ष काम

पहिला प्रश्न ग्रॅनाइटचा. फॅब्रिकेटरच्या मदतनिसाने जॅक लावून बॉक्स आणि ग्रॅनाइट एकदमच उचलू, असं सुचवलं. घरात सामान तसंच राहिलं असतं, वेळ वाचला असता. पण सिंकच्या भोकाच्या पुढे-मागे ग्रॅनाइटची जेमतेम अडीच इंचांची पट्टी उरते. एका बाजूचा जॅक जरा पुढे गेला तरी ती पट्टी पिळवटते आणि कोपऱ्यातून तडकते. ग्रॅनाइट आधी उतरवायचंच, असं ठरवलं.

लांब बाजूचा दगड जागेवरच पाणी सोडत ४ फुटांवर कापला. भिंतीलगतचा सिलिकॉनचा सांधा पात्याने मोकळा केला. सिंकच्या तुकड्याला आडवी लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळली आणि तो तुकडा कडेवर उभा धरून बाहेर काढला. ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण ५ किलो, म्हणजे सिंकचा तुकडा ५० किलोंच्या आतबाहेर. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मोडतो.

सिंकचा बॉक्स पूर्ण नवा केला, आयएस ७१० प्रतीच्या मरीन प्लायचा. हा प्लाय उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासतात. तरीही प्रत्येक कापलेली धार, पाइपसाठी पाडलेली भोकंसुद्धा, लेप देऊन बंद केली. प्लाय कितीही चांगला असो, भोकाची उघडी कड पाणी पितेच. चिरण्याच्या बाजूचे बॉक्स ठणठणीत होते, त्यांचा फक्त कुजका पाया काढून टाकला.

फ्रेम दोन तुकड्यांत आली. बोल्ट फिरवून लेव्हल घेतली, बॉक्स चढवले, एकमेकांना स्क्रूने जोडले आणि मागे भिंतीला अँगल ठोकून घेतले. हे भिंतीला बांधणं टाळू नये. भरलेल्या ट्रॉल्या एकाच वेळी पुढे ओढल्या की सगळा भार पुढे येतो, आणि उंच पायांवरचा बॉक्स थोडाही हलला तरी ग्रॅनाइटचा सांधा सुटतो.

सांडपाण्याचं काम सगळ्यात सोपं गेलं. भिंतीतला आउटलेट होता तिथेच राहिला. सिंक वर गेल्यावर उताराला जागा वाढते, कमी होत नाही. बॉटल ट्रॅपच्या वरची नळी ४ इंचांनी लांब घेतली, झालं. सिंक खाली आणायचा असता तर सगळं गणित उलटं झालं असतं.

गॅसच्या बाजूला हात लावला नाही. सिलिंडर, सुरक्षा नळी, शेगडी, चिमणी सगळं जागच्या जागी. दोन उंचींचा ओटा निवडण्यात हाही एक मोठा फायदा होता. पायरीच्या उभ्या ४ इंचांना ग्रॅनाइटची पट्टी लावली, वरची कड गोल घासून घेतली. शेगडी पायरीपासून १० इंच लांब सरकवली, म्हणजे कढईचा कान पायरीला आपटत नाही. तिच्या पलीकडे आईंच्या पोळपाटाला २४ इंच मोकळे राहिले.

निकाल

वहिनींची कंबर चिरताना दुखणं थांबलं. कणीक त्या आता खालच्या बाजूला मळतात, आईंच्या शेजारी. दादांनी भांडी घासताना पाय फाकवून उभं राहणं सोडलं. आईंच्या पोळ्यांच्या जागेत काहीच बदललं नाही, आणि त्यांना तेच हवं होतं. काम संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितलं, “मला वाटलं होतं आता मला बाहेर खुर्चीवर बसवणार.”

पावसाळा उलटल्यावर सिंकचा बॉक्स तपासला. तळ कोरडा, वास नाही.

काही गोष्टी मात्र बदलल्या आणि त्यांची सवय करून घ्यावी लागली. पूर्वी आई पाण्याने भरलेला कुकर सिंककडून गॅसकडे ओट्यावरून सरकवत नेत. आता पायरीपाशी तो उचलून खाली ठेवावा लागतो. मिक्सर चिरायच्या बाजूला होता. वरच्या कपाटांचा तळ ५४ इंचांवर असल्यामुळे तिथे आता १८ इंचच उरले आणि मोठं भांडं लावलं की मिक्सर मावेना. तो खालच्या बाजूच्या टोकाला गेला, तिथे वर २२ इंच मिळतात. भांड्यात डोकावणंही सोपं झालं.

पुन्हा करायचं झालं तर

नळ पहिल्याच भेटीत मोजला जायला हवा. या घरात तो विटा-फळीच्या सरावात सापडला म्हणून निभावलं. ग्रॅनाइट चढल्यावर सापडला असता तर नवीन भोक बसलेल्या दगडात पाडावं लागलं असतं. ओटा उचलायचा विचार असेल तर भिंतीवर नव्या उंचीची रेघ मारा आणि तिच्या वरखाली काय काय येतं ते पाहा: नळ, सॉकेट, खिडकीचा कट्टा, वरची कपाटं, चिमणी. इथे सॉकेट ४२ इंचांवर होते, नव्या ओट्यापासून ६ इंच वर, म्हणून वाचले.

पायरीच्या कडेला पाणी अडवणारी उंचवट्याची पट्टी हवी होती. कड गोल घासल्यामुळे दिसायला छान झाली, पण वर सांडलेलं पाणी तिच्यावरून सरळ शेगडीच्या बाजूला उतरतं. पुढच्या घरांत मी पाव इंचाची कड उचलून घेतो.

गॅसखालचा प्लायचा पाया तसाच ठेवला. गॅसला हात न लावण्याचा निर्णय योग्य होता, पण त्याची ही किंमत आहे. तिथे पाणी कमी पोहोचतं, म्हणून पुढची पट्टी फरशीपासून अर्धा इंच कापून, धार बंद करून खाली पीव्हीसीची पट्टी बसवली. आतले उभे आधार मात्र अजून फरशीवरच टेकलेले आहेत. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत कोपऱ्याकडच्या आधारावर किंचित ओल दिसली. गॅसच्या बाजूचा दगडही त्याच वेळी उतरवून खाली ४ इंची पीव्हीसीचे पाय दिले असते तर उंची तीच राहिली असती आणि ही काळजी मिटली असती. घरच्यांना तेव्हा गॅस दोन दिवस बंद ठेवणं नको होतं. आता पुढच्या उन्हाळ्यात ते काम करायचं ठरलंय, आणि तोवर त्या बाजूची फरशी धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.